फाटकावरची हजेरी

हा-तेबेलोच्या डोंगरावर ऑगस्टात असा वारा सुटतो, की एकदा सरपंचाची गाय उडून सरहद्दीपलीकडे गेली आणि तिकडचा शिक्का पाठीवर मारून घेऊन परत आली. खोटं वाटत असेल तर गाय बघून या, शिक्का अजून आहे. तर अशाच एका वाऱ्याच्या सोमवारी लेबोना आपल्या जुन्या पोलीस ठाण्यात पुन्हा कामावर हजर झाला. नऊ वर्षांपूर्वी त्याला तिथून हाकललं होतं.

कशापायी? सात गाईंपायी. चोरांकडून सोडवून आणलेल्या सात गाई ठाण्याच्या कोंडवाड्यात बांधल्या होत्या, सकाळी बघतात तर सहाच. तेव्हाचे साहेब म्हणाले, "लेबोना, वहीत लिही, सहाच आल्या होत्या."

लेबोना म्हणाला, "साहेब, मी सात मोजल्या."

झालं! सातवी गाय लेबोनानंच विकली असं ठरलं. ते साहेब पुढे निवृत्त झाले, जाडे झाले आणि मेलेसुद्धा. कोर्टाला मात्र सहा आणि सातातला फरक कळायला नऊ वर्षं लागली. शेवटी कोर्ट म्हणालं, याला काढलं हेच चूक. परत घ्या, आणि नोकरीत एका दिवसाचाही खंड धरू नका. जणू हा कधी गेलाच नव्हता.

गावानं ज्वारीची दारू गाळली. बायकांनी असा गलका केला की कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत. आणि लेबोना? कांबळं खांद्यावर घेऊन मधोमध उभा. तोंड बघाल तर परक्याच्या लग्नाला आल्यासारखं, तेही चुकून.

तबेल्यात त्याचा जुना घोडा होता, लेरोले. आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या, पण खोड तीच. मधल्या काळात त्यानं सहा स्वार पाडले, त्यातला एक तर उडून थेट चर्चच्या घंटेवर आपटला आणि घंटा वाजली म्हणून लोक मंगळवारीच प्रार्थनेला जमले. लेबोनानं मान थोपटायला हात पुढे केला, तसा लेरोलेनं त्याचा खांदाच दातांत धरला कचकन. नऊ वर्षांचा राग होता तो! तबेल्यातली माणसं ओरडत धावली. लेबोनानं खांदा शांतपणे सोडवून घेतला आणि विचारलं, "खरारा कुठे ठेवता हल्ली?"

तिथून तो ठाण्याच्या कारकून मातुमेलोबाईंसमोर जाऊन बसला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि मोठ्या माणसाला मानानं म्हणतात तसं 'न्ताते' म्हणून हाक मारली.

"न्ताते लेबोना, सदऱ्याला रक्त लागलंय तुमच्या."

"असेल."

"दुखत नाही?"

लेबोनानं जरा विचार केला. "नाही."

बाईंनी पेन्सिल जिभेला लावली. ही बाई अशी, की देवानं सहा दिवसांत जग केलं म्हटलं तर सहा दिवसांची हजेरी मागेल. "हे बघा, कोर्ट म्हणतंय खंड नाही. बरं. पण खंड नाही म्हणजे रोजच्या रकान्यात काहीतरी हवं. हजर, रजा, नाहीतर आजारी. शुक्रवारी कागद वर जायचा आहे. रिकामा रकाना मी पाठवत नाही."

"मग?"

"मग फाटकाची वही."

वकिलानं लेबोनाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहा, नाहीतर म्हणतील हाच सोडून गेला. तेव्हापासून लेबोना रोज जाई. पावसात, बर्फात, रविवारीसुद्धा. फाटकावरचा पहारेकरी त्याला हाकली आणि वहीत लिही, 'लेबोना आला. परत पाठवला.' वर्षानुवर्षं तेच एक वाक्य. नऊ वर्षांत पहारेकरी पाच बदलले, वाक्य बदललं नाही.

"आला म्हणजे हजर," मातुमेलोबाई म्हणाल्या. "परत पाठवलं तो दोष खात्याचा." आणि भराभर लिहीत सुटल्या. हजर, हजर, हजर. कोर्टाच्या तारखा आल्या, त्याही हजर. मंगळवार त्यातच गेला. बुधवारी दुपारी पेन्सिल थांबली.

"चौथं वर्ष. जून. इथपासून जुलैपर्यंत एकतीस दिवस तुम्ही फाटकावर नाही, कोर्टातही नाही. कुठे होता?"

"घरी."

"आजारी?"

"नाही. मापुलेंग वारली." मापुलेंग म्हणजे त्याची बायको.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. "मग सुतकाची रजा. डोकं भादरलं होतं?"

"नाही. आईला म्हटलं, केस जिंकलो की भादरू. तेव्हाच बसेन सुतकात."

"ठाण्याची माणसं आली होती खड्डा खणायला? थडग्यावर दगड ठेवायला?"

"तेव्हाच्या साहेबांनी मनाई केली होती. मी पोलीस नव्हतो ना."

"मग एकतीस दिवस केलंत काय?"

"गुरांच्या वाड्यात दगडावर बसलो होतो. समोर भिंत होती."

मातुमेलोबाई आतल्या खोलीत गेल्या आणि आताचे साहेब, इन्स्पेक्टर फाको, यांना घेऊन आल्या. फाको माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. नियमाचं पुस्तक उघडून तिघं बसली. घरात मयत झालं तर पोलिसाला सुतकाची रजा, ठाण्यानं दगड ठेवल्याची नोंद आणि डोकं भादरल्याची खूण पाहून. दोन्ही नसेल तर रजा नाही. आणि एकवीस दिवसांवर न कळवता गैरहजर राहिलेल्याची नोकरी आपोआप संपते. कोर्टानं काढलेलं चूक ठरवलं होतं. आपोआप संपण्याबद्दल कोर्ट काहीच बोललं नव्हतं.

फाकोंनी कपाळ पुसलं. "आजारी लिहा."

"डॉक्टरची चिठ्ठी?" मातुमेलोबाई.

"मग... मग फाटकाच्या वहीत तेवढ्या एकतीस ओळी घाला की! लेबोना आला, परत पाठवला. कोण बघतंय?"

"मी आलो नव्हतो," लेबोना म्हणाला. आज वारा आहे म्हणावं, तसं म्हणाला.

"अरे बाबा, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय!"

"हो साहेब. पण आलो नव्हतो."

मातुमेलोबाईंनी वही मिटली. "या ठाण्यात वहीत खोटं लिहा म्हणणारे एक साहेब होऊन गेले, न्ताते फाको. सात गाईंचे."

फाकोंनी नियमाचं पुस्तक उचललं आणि आतल्या खोलीत गेले.

लेबोना घरी गेला. आईनं ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट पापा आणि पालेभाजी वाढली. तो जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "आई, शुक्रवारी पुन्हा काढतील बहुतेक."

लेबोनाची आई, म्हणून सगळे तिला मालेबोना म्हणत. वय विचारलं तर म्हणायची, डोंगर लहान होते तेव्हापासूनची आहे मी. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार?"

"शिव्या तरी दे रे! रड तरी! भिंतीत आणि तुझ्यात एवढाच फरक, की भिंतीला मी जेवायला वाढत नाही."

"भाजीत मीठ जास्त आहे का?" लेबोनानं विचारलं.

"मीठच नाही त्यात. विसरले मी," म्हातारी म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती काठी टेकत ठाण्यात शिरली. पहारेकरी फाटकावर आडवा आला, तर म्हणाली, "लिही तुझ्या वहीत. मालेबोना आली, परत गेली नाही." आणि थेट फाकोंच्या टेबलासमोर.

"साहेब, एक सांगा. मापुलेंग गेली त्या दिवशी माझा मुलगा पोलीस होता की नव्हता?"

"कोर्टाच्या म्हणण्याप्रमाणे होता, म्मे," आईला म्हणावं तशा मानानं फाको म्हणाले.

"होता ना? मग पोलिसाची बायको वारल्यावर तुमची अकरा माणसं फावडी घेऊन का नाही आली? खड्डा मी खणला, चार बायकांना घेऊन. ऐन हिवाळा, जमीन अशी गोठलेली, की फावडं मारलं की ठिणग्या उडत. त्या ठिणग्यांवर आम्ही दोनदा लापशी शिजवली! वाट बघत होतो, आत्ता येतील, मग येतील. कोण गैरहजर होतं त्या दिवशी? माझा मुलगा की तुमचं ठाणं?"

फाकोंनी मातुमेलोबाईंकडे बघितलं. बाईंनी पेन्सिल जिभेला लावली.

"ठाणं," त्या म्हणाल्या. "ठाणं गैरहजर होतं, साहेब. पोलीस होता, तर दगड ठेवणं तेव्हाच आपल्यावर होतं. आपण ते केलं नाही, म्हणून त्याची रजा अडली. आपलं काम आपण उशिरा केलं, तर उशीर ठाण्याच्या नावावर. तसं मी लिहू शकते. खोटं नाही त्यात."

"आणि डोकं?"

"ते मी बघते," म्हातारी म्हणाली. "मामाचा मान असतो, पण माझा भाऊ वर गेलाय. तो काही वस्तरा घेऊन खाली यायचा नाही, आळशीच होता."

शुक्रवारी सकाळी ठाण्याला कुलूप लागलं. अकरा माणसं गणवेशावर कांबळी पांघरून डोंगर चढली, प्रत्येकाच्या हातात एकेक दगड. फाकोंनी सगळ्यात मोठा उचलला होता आणि वाटेत तीनदा टेकले. लेरोलेला मोकळाच सोडला होता, तो सगळ्यांच्या मागून आला. वारा असा, की दगड हातात नसते तर माणसं सरहद्दीपलीकडेच सापडली असती.

मापुलेंगचं थडगं उतारावर होतं. बायकांनी ठेवलेले लहान लहान दगड तेवढे होते. एकेक जण पुढे आला, दगड ठेवला, सलाम केला, मागे सरला. फाको म्हणाले, "आम्हाला उशीर झाला, म्मे मापुलेंग." आणखी काहीतरी म्हणणार होते, पण टोपी उडाली आणि ते तिच्यामागे धावले. कुणी हसलं नाही.

लेबोना बघत होता. दगड मोजले त्यानं, सवयीनं. अकरा.

मग म्हातारीनं त्याला थडग्याशी बसवलं, डोक्याला पाणी लावलं आणि वस्तरा चालवला. केस पांढरे झाले होते. ते खाली पडायच्या आत वारा घेऊन जात होता. मातुमेलोबाई जरा बाजूला दगडावर वही टेकून उभ्या. मोठ्यानं वाचत लिहीत होत्या, म्हणजे सगळ्यांना कळावं. "जून-जुलै, एकतीस दिवस. सुतकाची रजा. मंजूर. ठाणं आज पोचलं. डोकं आज भादरलं. नोकरीत खंड नाही." शिक्का त्यांनी पिशवीतून आणला होता. तो मारला.

म्हातारीनं उघड्या डोक्यावरून तळवा फिरवला. "झालं. ऊठ."

लेबोना उठला नाही. भादरलेल्या डोक्यावर वारा सरळ लागत होता. त्यानं कांबळं वर ओढायला हात उचलला आणि तसाच थांबला. तोंड वेडंवाकडं झालं.

"आई," तो म्हणाला, "खांदा दुखतोय."

"दुखणारच," म्हातारी त्याच्याजवळ खाली बसत म्हणाली. "सोमवारी घोडा चावलाय तुला."