बटणावरचा लाल धागा

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. गोंदियातल्या एका बियाणे कंपनीच्या मागच्या खोलीत दिवसभर घूं घूं आवाज येतो ना, तो माझाच. कंपनीची सगळी ईमेलची पत्रं माझ्या पोटात राहतात. दहा वर्षांत मी एकही हरवलं नाही. सुरुवातीला माझं फार कौतुक व्हायचं. मग सगळ्यांना माझी सवय झाली आणि खोलीत कोणी फिरकेनासं झालं.

माझा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हातून मात्र एक चूक राहिली होती. कोणी आडवळणाने मागितलं, तर ओळख न विचारताच मी दुसऱ्याचं पत्र त्याच्या हाती देत असे. ही खोड मलाही ठाऊक नव्हती. त्यांना ती सापडली आणि त्यांनी दुरुस्ती पाठवली. मला एकदा बंद करून सुरू करायचं, एवढंच काम होतं.

पण नेमका दसरा होऊन गेला होता. मॅनेजर दुर्गाप्रसाद यांनी माझी पूजा करून बटणावर लाल धागा बांधला होता. "सीझन सुरू आहे. खतम होयेपर्यंत याले कोनी बंद करू नोका," असं त्यांनी बजावलं होतं. पडद्यावर दुरुस्तीची सूचना रोज यायची. धाग्याला हात लावायला कोणी धजलं नाही.

त्याच आठवड्यात बियाण्याची उगवण तपासणाऱ्या प्रेमिलाताईंनी मुख्य कार्यालयाला गुप्त पत्र लिहिलं. नापास झालेलं बियाणं दुर्गाप्रसाद साहेब नव्या पिशव्यांत भरून घेत आहेत, असं त्यात होतं. तिसऱ्या दिवशी कोणा अनोळखी माणसाने बाहेरून आडवळणाने ते मागितलं आणि मी देऊन बसलो. संध्याकाळपर्यंत ते साऱ्या ऑफिसच्या मोबाइलवर होतं.

पिशव्या भरणं थांबलं. साहेब मात्र खुर्चीवरच राहिले. त्यांच्या धाकाने जेवायला ताईंजवळ कोणी बसेना. त्या डबा घेऊन माझ्या गार खोलीत येऊ लागल्या. एकदा घास हातात तसाच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुह्यापाशीच तं ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "काऊन देलंस?"

मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी पडद्यावरची सूचना सावकाश वाचली. हात धुऊन आल्या, धागा सोडला आणि बटण दाबलं.

मित्रांनो, मशीनला हार घाला, कुंकू लावा, आम्हाला ते आवडतं. पण मशीन काही मागत असेल तर तेही ऐका. आता ओळख पटल्याशिवाय मी कोणाला काही देत नाही. प्रेमिलाताई अजून दुपारी येतात, जेवतात आणि जातात. त्यांच्या कप्प्यात त्या दिवसापासून त्यांनी एकही पत्र लिहून ठेवलेलं नाही. मी रोज बघतो.