कुबडीची झाली खिट्टी

मित्रांनो, मी जुनी खिट्टी आहे, पण भंगार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बघून लोकांच्या मनात पहिलं तेच येतं. मी मधल्या बोटाएवढी लांब, आतून पोकळ आणि रंग उडालेली आहे. झुला झाडाला बांधतात ना, तिथली गाठ मी सुटू देत नाही. तुम्ही झुल्यात निवांत पडता तेव्हा माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. नका बघू, माझं काही अडत नाही.

खिट्टी होण्याआधी मी ॲल्युमिनियमची कुबडी होते, घरटीवालीची. रानात हिंडून पक्ष्यांची घरटी मोजायची तिची नोकरी, म्हणून सगळे तिला घरटीवालीच म्हणत. एकदा उतारावर तिचा पाय घसरला आणि गुडघा मोडला. सात महिने ती माझ्या आधाराने चालली आणि सात महिने मला शिव्या घालत राहिली. बरी झाली त्या दिवशी तिने मला माळ्यावर भिरकावलं. "ही पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर नको," म्हणाली. एवढं राबून हे बक्षीस. मला राग आला होता, तो मी लपवत नाही.

पण तिचीही पंचाईतच होती. ऑफिसातल्या साहेबांनी कळवलं होतं की यंदाची चार दिवसांची मोजणी स्वतःचं सामान स्वतः उचलून पुरी केली, तरच रानातलं काम राहील. नाहीतर कायमचं टेबल. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाठीवर सहा किलोच्या वर नको, आणि जमिनीवर झोपायचं नाही, कारण जमिनीवरून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. म्हणजे झुला हवाच. दुकानातल्या झुल्याला साखळ्या आणि लोखंडी हुक, त्यांचंच वजन सव्वा किलो भरलं.

तिच्या बाबांचा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी तिची पिशवी जमिनीवर ओतली आणि एकेक वस्तू तोलली, अगदी दात घासायचा ब्रशसुद्धा. साखळ्यांच्या जागी झाडाला गुंडाळायचे कापडी पट्टे आले. पट्ट्याला पीळ देऊन वेढा करायचा आणि त्यात आडवी खिट्टी खुपसायची, इथवर दोघांचं जमलं. खिट्टी कशाची, यावर मात्र जुंपली. लोखंडी बोल्ट मजबूत, पण फार जड. झाडूच्या दांड्याचा तुकडा हलका, पण भिजवून वाळवल्यावर त्याला चीर गेली. बांबू सगळ्यांत हलका, तो हातोडीच्या एका ठोक्यात उभा फाटला. तेव्हा बाबा माळ्यावर चढले.

त्यांनी करवतीने माझ्यातून तीन तुकडे कापले आणि पट्ट्याला काचू नयेत म्हणून कडा कानशीने घासल्या. मला पारड्यात ठेवलं, एकोणीस ग्रॅम. बाबांचा चेहरा खुलला, लेकीचा पडला.

"बाबा, ही तीच कुबडी ना?"

"तीच. सात महिने तुझा भार झेललाय हिने. एवढी हमी कुठलं दुकान देईल?"

"साहेबांनी बघितलं तर म्हणतील, बाई अजून कुबडीवरच आहेत."

"साहेबांना झोपायचंय का तुझ्या झुल्यात?"

पहिल्या परीक्षेला अंगणातल्या दोन झाडांना झुला बांधून बाबा स्वतः बसले आणि दुसऱ्या क्षणी जमिनीवर आपटले. माझी थोरली बहीण, म्हणजे पहिला कापलेला तुकडा, मधोमध वाकली. "मोडकंच निघालं की," असं म्हणत ते कंबर चोळू लागले. मित्रांनो, मी आतून नुसती धुमसत होते. चूक आमची नव्हतीच. बाबांनी आयुष्यभर वजनं हुकाला लटकवलेली. सवयीने त्यांनी झुल्याच्या दोरीचा फास थेट खिट्टीच्या दोन टोकांना अडकवला होता.

घरटीवालीने गाठ हातात घेऊन नीट बघितली. "तुम्ही हिला हुक समजलात, बाबा." तिने मला वेढ्यात खुपसलं, फास माझ्यावरून पलीकडे नेला आणि माझ्यामागे, झाडाच्या बाजूच्या गाठीवर बसवला. आता भार गाठीवर होता आणि गाठीला धरून मी. तिच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती दुपारभर लोंबत राहिली. संध्याकाळी तिने मला टेबलावर गडगडत सोडलं. वाकलेली खिट्टी अडखळते. मी सरळ टोकापर्यंत गेले. धाकटी बहीणही गेली. मग तिने आम्हा दोघींना पिशवीत टाकलं.

ती चार दिवस चालली, जरा लंगडत, पण चालली. चौथ्या दिवशी दुपारी ती ऑफिसच्या आवारात पोचली तेव्हा पिशवी पाठीवरच होती आणि वहीत तीनशे बारा घरटी. साहेबांनी वही बघितली नाही. त्यांचं लक्ष पिशवीबाहेर लोंबणाऱ्या आमच्याकडे गेलं, कारण माझ्या अंगावर कुबडीचे उंचीचे आकडे अजून दिसतात.

"ही कुबडी आहे का?" ते हसत म्हणाले. "हिच्या भरवशावर रानात राहणार?"

मला वाटलं, ती मला लपवेल. तिने मला सगळ्यांसमोर तळहातावर धरलं. "हो, कुबडीच आहे. आणि मी लंगडतेही. मोजणी पुरी झालीय. शंका असेल तर वजन टाकून बघा." तिने तिथेच दोन झाडांना झुला बांधला.

आता नाही म्हणायची साहेबांना लाज वाटली. नव्वद किलोंचे साहेब दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसले. मी जागची हलले नाही. हळूहळू त्यांनी पाय वर घेतले, मग डोकं टेकलं. सगळं ऑफिस बघत होतं. "बरं आहे की," ते पडल्या पडल्या म्हणाले, "पुढच्या मोजणीला तुम्हीच जा."

त्याला आता सहा मोजण्या झाल्या. मला जपा, असं मी तुम्हाला विनवणार नाही. दर खेपेला मला टेबलावर गडगडवून बघा, आणि ज्या दिवशी अडखळेन त्या दिवशी खुशाल फेकून द्या, मी रडणार नाही. पण नुसतं रूप बघून कोणाला माळ्यावर टाकू नका, खिट्टीला नाही आणि माणसाला तर नाहीच. आधी वजन टाकून बघा.