मधलं काढलेलं वाक्य

जागृती आता भागूबाईच्या नजरेला नजर देईना. क्लासवरून यायचं, दारात चपला काढायच्या, "आई, जेवलात ना?" एवढं हवेत टाकायचं आणि उत्तराआधीच आत वळायचं. माणिकपुरात पोरांना इंग्रजी शिकवते म्हणून काय घरात सासूला भिंत समजायची?

कारण कळलं ते शेजारच्या क्लेमेंटीनकडून. वाडीच्या कुंपणापाशी येऊन ती म्हणाली, "भागू, रागवू नको हां. आमची जीना जागृतीच्या क्लासातून गोष्ट शिकून आली. नवरा घरात शेवटचा श्वास घेतोय आन् बायको मोगऱ्याच्या कळ्या विकायला गेली. ती तूच ना?"

"माझं नाव हाय गोष्टीत?"

"नाव नाय गं. पन आपलं वटार गाव, मोगरा, आजारी नवरा... दुसरी कोन?"

"तुझ्या घरची भाकरी करपतेय, जा," म्हणत भागूबाईने पाठ फिरवली.

त्या सकाळी तिचा आजारी नवरा रामनाथ उशीला टेकून बसला होता. बाहेर कळ्या बाजारात नेणाऱ्या टेम्पोचा हॉर्न वाजत होता. त्यानेच तिला उठवून पाठवलं होतं. "जा. कळी उमलली तर कोनी हात लावनार नाय. वर्षभर राबलीस ते मातीत घालू नको. मी हाय इथंच." ती परतली तेव्हा तो नव्हता. लोक काय ते बोलले. नवऱ्याचे ते शब्द कुणापुढे पसरायचे नाहीत हा तिचा ताठा. भूपेशलासुद्धा, पोटच्या पोराला, तिने सांगितलं नव्हतं. जागृती नवी नवरी असताना शेजारी बसून कळ्या खुडत होती, तेव्हा तिच्यापुढे मात्र सगळं बोलून टाकलं होतं. लेक नव्हती ना भागूबाईला.

संध्याकाळी जागृती आली तशी भागूबाई दार अडवून उभी राहिली.

"क्लासात माझा नवरा काढलास?"

जागृतीने हातातली पर्स खाली ठेवली. "आई, नाव नाही घेतलं मी. वाक्यं एकमेकांना कशी धरून राहतात ते शिकवत होते. सुटी वाक्यं दिली आणि पोरांना लावायला सांगितली. 'ती' म्हटलं की मागच्या वाक्यातली बायको, 'तेव्हा' म्हटलं की ती सकाळ, 'पण' आलं की गोष्ट वळते. पण नुसत्या जोडशब्दांनी परिच्छेद होत नाही, अर्थही सलग लागतो. म्हणून एक वाक्य मुद्दाम काढून ठेवलं. ती का गेली, ते पोरांनी भरायचं होतं."

"मंग? काय भरलं?"

जागृती चपला काढायला वाकली.

"तोंड हाय ना? इंग्रजीत नको, आपल्यात सांग."

"जीनाने लिहिलं... तिला नवऱ्यापेक्षा पैसा प्यारा होता."

"आनि तू काय म्हनालीस?"

"शाबास म्हटलं." जागृतीचा आवाज खाली गेला. "मागचं-पुढचं चपखल जुळत होतं, आई. भाषेच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं."

"बाकीची वाक्यं?"

"सगळी खरी. एकही खोटं नाही."

"आनि मधलं खरं काय, ते तुला ठाऊक होतं."

"होतं. पण ते वर्गात कसं बोलणार? ते तुम्ही मला विश्वासाने सांगितलेलं."

भागूबाई हसली. ते हसू ऐकून जागृती एक पाऊल मागे सरली.

"चुलीवरचं दूध उतरव, उतू जातंय," भागूबाई आधी म्हणाली, आणि सून वळायच्या आत पुढचं बोलली. "आन् ऐक. गावाने मला नाव ठेवलं, त्याचं मला काय नाय. गावाला मी काय सांगितलंच नव्हतं. तुला सांगितलं होतं. माझा नवरा मला 'जा' म्हनाला, हे या जगात दोघींना ठाऊक, आन् त्यातल्या एकीने पोरीच्या पाठीवर शाबासकी दिली. या घरची सून हायेस, राहा, जेव, नांद. पन माझी लेक म्हनून तुला जवळ बसवली होती, ती जागा मी आज काढून घेतली."