ऑयगेन तहानलेलाच उठला

हिंटरवाइलर गावच्या खानावळीतलं मोठं टेबल मोडलं, ते गायनमंडळातल्या तिघा जाड्यांनी त्याच्यावर उभं राहून सूर लावला म्हणून. सूरही चुकलाच होता, पण तो दुरुस्त करणं कुणाच्या हातात नव्हतं. नवं टेबल करायचं काम रोझविटा क्नाउसकडे आलं. मोडलेलं टेबल तिच्या आजोबांच्या हातचं होतं, खालच्या बाजूला त्यांचं नाव कोरलेलं. नव्या टेबलाखाली आपलं नाव यावं, एवढी एकच हौस साठी उलटलेल्या या सुतारणीची उरली होती.

लाकूड मात्र मोजकं. चर्चमागचं नासपतीचं झाड वादळात पडलं, त्याच्या दोनच फळ्या निघाल्या. त्या एकमेकींना भिडवायच्या तर कडा सुतासारख्या सरळ हव्यात. रोझविटाच्या बाकड्यावर ॲल्युमिनियमची लांब पट्टी होती. एका टोकाला बिजागरी, दुसरं टोक ठोकळ्याच्या खाचेत बसायचं. पट्टीवरून गोल करवत रुळावरच्या गाडीसारखी धावायची. पण हल्ली ही पट्टीच दगा देत होती. काटकोन तपासायचा गुण्या लावून नीट बसवावी, करवत चालवावी, की मध्यावर कड केसभर तिरकी. तीनदा कापलं, तीनदा तिरकं. फळ्या तीन बोटं अरुंद झाल्या. आणखी एकदा चुकलं असतं तर समोरासमोर दोन ताटं मावली नसती.

शेजारच्या गावचा ऑयगेन श्ट्राउब शाळेत तिच्याच बाकावर बसायचा. आता त्याच्याकडे बसएवढं कापायचं यंत्र होतं. तो शुक्रवारी मुद्दाम डोकावला.

"रोझे, दे त्या फळ्या इकडे. माझं यंत्र डोळे मिटून कापतं."

"तरीच तुझ्या दारांना फटी असतात. गाभण मांजर आत जातं आणि पिल्लांसकट बाहेर येतं."

"हसून घे. हे माझं कार्ड. रडू आलं की फोन कर." चकचकीत कार्ड बाकड्यावर ठेवून तो खानावळीकडे वळला.

सांध्याची परीक्षा रविवारी होती, प्रार्थनेनंतर. तिथली रीतच तशी. सरस न लावता फळ्या शिकंज्यात भिडवायच्या, सांध्यावर नासपतीची आंबट दारू ओतायची, आणि ज्याला शंका असेल त्याने खाली उताणं पडून तोंड उघडायचं. एक थेंब जरी तोंडात पडला, तरी काम त्याचं.

शनिवार आला. शनिवार म्हणजे झाडलोट. कुणी मरणाला टेकलं तरी आधी उंबरा झाडून मग टेकणारी ही माणसं. रोझविटाच्या दुकानात तर कोळीसुद्धा पाय पुसून येत. तिने भुसा काढला, हत्यारं पुसली, पट्टी उचलून उभी केली आणि मेणाचा बोळा घेऊन तिच्या खालच्या दोन काळ्या रबरी पट्ट्या घासायला हात नेला. तो हात तसाच राहिला.

नाताळात मधमाशीच्या मेणाचा डबा भेट मिळाल्यापासून दर शनिवारी ती हेच करत होती!

"अगं बाई!" ती पट्टीलाच म्हणाली. "तुझ्या तळव्यांना मीच मेण चोळतेय आणि वर विचारतेय, घसरतेस का म्हणून!"

तिने रबर स्पिरिटने धुतलं. पट्टी फळीला जळवेसारखी चिकटली. पण खाचेकडचं टोक अजून जरासं हलत होतं. तीस वर्षं वर-खाली होऊन खाच झिजली होती. खाचेत भरायला पत्र्याचा तुकडा जाड पडला, वर्तमानपत्र चेपलं. तेवढ्यात ऑयगेनचं कार्ड दिसलं. दुमडून खाचेत सारलं, आणि पट्टी हूं की चूं करेना. गुण्या लावला, उजेडाचा धागाही दिसला नाही.

करवत सरसरत गेली. दोन्ही कडा इतक्या सरळ निघाल्या की त्यांतल्या एकीवर चढलेली मुंगी वळायचंच विसरली, ती सोमवारी तिसऱ्या गावात सापडली.

रविवारी सगळं गाव खानावळीत लोटलं. ऑयगेन कोट काढून टेबलाखाली पडला, तोंड आ वासून. खानावळवाल्या गेबहार्टने दारूचा एक मग सांध्यावर रिता केला.

"काय ऑयगेन, गोड आहे का?"

"ओत रे अजून!"

दुसरा मग झाला. मग अख्खी घागर. वर तळं साचलं. गेबहार्टचं बदक त्यात दोन फेऱ्या मारून गेलं, असं बदक अजून सांगतं. खाली मात्र ऑयगेनच्या जिभेवर धूळ बसली.

शेवटी तो खोकत बाहेर आला. "खरं सांग, सांध्यात काय भरलंस?"

"सांध्यात काही नाही. खाचेत तुझं कार्ड भरलंय. अगदी मापाचं आहे हो! आणखी एक देऊन ठेव, तीस वर्षांनी लागेल."

सगळी खानावळ टेबल बडवून दाद द्यायला धावली, तेवढ्यात गेबहार्ट ओरडला, "अरे, याला अजून सरस लावायचाय!" ऑयगेनने खिसे चाचपले, एक कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "आधी मला प्यायला द्या कुणीतरी."

"तू सरक आधी," रोझविटा म्हणाली. पटाशी घेऊन ती त्याच जागी उताणी झाली आणि आजोबांच्या अक्षरापेक्षा बोटभर मोठं 'रो' कोरायला लागली.