पानाबाहेरचा मामा

माझं तोंड वाईट. घरात सगळ्यांना माहीत आहे, नारायणगावच्या पेठेतही. पण तोंड वाईट असणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. दोन हजार पाचच्या लग्नसराईत मी दोन्ही एकाच दमात केलं. आजही पिंपळवंडीच्या फाट्यावरून जाताना मला माझीच लाज वाटते.

पप्पांच्या, म्हणजे पारसमल शेठच्या कापडदुकानात पुढच्या कोपऱ्यात माझं लग्नपत्रिकांचं टेबल होतं. कॉम्प्युटरवर विंडोज ९८. सगळीकडे एक्सपी आली तरी मी हट्टाने तीच चालवत होतो, कारण माझे मराठी फॉन्ट तिच्यात बसलेले. ऐन सीझनला ती सारखी अडकायला लागली. इंजिनिअरला बोलवायचं सोडून मी अतिशहाण्याने स्वतःच फॉरमॅट मारला. विंडोज परत चढली, पण डिस्प्ले कार्डाची सीडी काही सापडेना. स्क्रीन झाली सहाशेचाळीस बाय चारशेऐंशी, रंग फक्त सोळा. एकेक आयकॉन बशीएवढा! स्क्रीन वाढवायची सेटिंगमधली पट्टी पुढे सरकेना, आणि ती खिडकीच एवढी मोठी की खालचं ओकेचं बटण स्क्रीनच्या बाहेर. टॅब मोजून अंदाजानं एंटर मारायचो. दोन दिवस झगडलो, मग म्हटलं, मरू दे, चालवू असंच.

त्यातच पिंपळवंडीचे सोपानराव पोरीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने नावांची यादी लिहिलेली. कार्यवाहक, प्रेषक, भावकी, मंडळं, सगळं गाव त्यात. मी टाइप करायला घेतलं. निम्मी स्क्रीन बटणांनीच खाल्लेली, उरलेल्या चौकटीत पत्रिकेचा चतकोर तुकडा दिसायचा. भावकीची नावं बसेनात, म्हणून एखादा मजकूर उचलून पानाच्या बाहेर ठेवायचा, जागा केली की परत आत आणायचा. आमची कामाची पद्धतच ती. पानाबाहेरचं छापलं जात नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवावं लागतं.

"शेठ, छापायच्या आदी एकदा कागदावर दावता का?" सोपानराव म्हणाले. "लई मानापानाचं काम हाय."

"आठ वर्षं हेच करतोय मी, सोपानराव! नावं खायला मी काय उंदीर आहे का?" असं म्हणालो मी, वयाने माझ्या बापाएवढ्या माणसाला. ते बिचारे हसले आणि गेले. पाचशे पत्रिका छापून झाल्या.

आमच्याकडे पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामाला. नवरीच्या आईने स्वतः जाऊन भावाच्या हातात द्यायची. कुशाबाई, म्हणजे नवरीची आई, हळदीकुंकू घेऊन डिंगोऱ्याला भावाकडे, कुंडलिकमामांकडे गेल्या. मामांच्या सुनेने भरल्या घरात पत्रिका मोठ्याने वाचली. शेवटपर्यंत वाचली. मामाचं नावच नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको दुकानात. सोपानरावांचा चेहरा उतरलेला. त्यांचं आणि मेव्हण्याचं आधीच फारसं पटत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आता मामा म्हणत होते की दाजींनी मुद्दाम केलं, मी काही लग्नाला येत नाही. चार दिवसांवर लग्न, आणि बोहल्यावर नवरीच्या मागे उभं राहायला मामा नाही!

"शेठ, नाव कसं काय राह्यलं?" सोपानरावांनी विचारलं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. पप्पा गादीवरून बघत होते. यादी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, उघडून बघायची हिंमत झाली नाही.

"तुमच्या यादीतच नव्हतं," मी ठणकावून सांगितलं. "पाहिजे तर पट्टी छापून देतो, चिकटवा."

"भाऊ म्हनला, चिकटवल्याला मामा व्हायचं न्हाई मला," कुशाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "पयलं त्याचं नाव ल्हिवा म्हनले व्हते ना मी तुमाला?"

सोपानराव माझ्याशी भांडले नाहीत. "माझ्याच हातनं राह्यलं असंल गं," एवढंच म्हणाले. दोघं स्टँडकडे गेली ती एकमेकांशी न बोलता.

दोन दिवसांनी मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट खोलून डिस्प्ले कार्डावरचा नंबर उतरवला आणि मंचरच्या एका कॅफेवाल्याकडून त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, सीडीवर आणला. चढवला, मशीन परत चालू केलं, पट्टी सरकवली. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि मग ऐसपैस उघडली. चाचणीला हाताशी होती ती सोपानरावांचीच फाइल. अख्खं पान दिसलं, आणि पानाच्या उजव्या बाजूला, बाहेर, तीन ओळी: नवरीचे मामा, श्री. कुंडलिक, रा. डिंगोरे. मीच टाइप केलेल्या, मीच बाहेर ठेवलेल्या. ड्रॉवर उघडला. यादीत पहिलंच नाव मामाचं, खाली दोन रेघा मारलेल्या.

यादी खिशात घातली, स्कूटर काढली. पिंपळवंडीचा फाटा आला, वळलो नाही. आळेफाटा, ओतूर करत थेट डिंगोरे गाठलं. अनोळखी माणसापुढे कबूल करणं सोपं, म्हणून.

कुंडलिकमामांनी सगळं ऐकून घेतलं. यादीवरून नजर फिरवली.

"सोपानदाजींना सांगितलं का हे?"

"नाही."

"वाटंत पिंपळवंडी लागली असंल की राव तुमाला."

त्यांनी टोपी घातली आणि ते माझ्या मागे स्कूटरवर बसले.

पिंपळवंडीत दारात मांडव घालायचं काम चाललं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं मी. चूक माझी, खोटंही मीच बोललो. आता कानाखाली बसणार, म्हणून वाट बघत होतो. बसली असती तर बरं झालं असतं.

सोपानरावांनी यादी हातात घेतली.

"म्हंजी मी ल्हिलं व्हतं," ते हळूच म्हणाले. मग ओरडलेच, "अगं ए, बघ! ल्हिलं व्हतं मी! पयलंच नाव हाय!" कुशाबाईंना वाचता येत नव्हतं. सोपानरावांनी बायकोचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. "ह्ये बघ. हितं." आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मेव्हण्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

कुशाबाईंनी डोळे पुसले, आत जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणली.

"बसा शेठ, च्या टाकते."

मला काही त्या खुर्चीत बसवेना.