खिडकीपासून लांब

"तुह्या नवऱ्याले समजावून ठेव वं गोपिका. रोज सकाळी खिडकीतून माह्या पोरीले पाहून राहिला तो. उद्या ती खिडकी लागली नाही, तं माहे पोरं येतीन लावाले!"

समोरच्या घरची यमुताई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेली. इतवारी बाजारामागची ही गल्ली म्हणजे इकडे फोडणी घातली की तिकडे ठसका लागणार. गोपिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण शंका तिलाही होतीच. देवरावला एकाहत्तरच्या लढाईतून परतून तीन वर्षं झाली होती. दिवसभर गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी उतरवणारा हा माणूस सकाळी मात्र खिडकीची एकच फळी अर्धी उघडायचा आणि खोलीच्या पार आतल्या अंधारात बसायचा. हलायचा नाही, बोलायचा नाही. चहा निवून जायचा. मनात पाप नसलेला माणूस खिडकीशी बसेल की नाही? हा भिंतीला चिकटून, चोरासारखा. आणि समोरच्या गच्चीवर यमुताईची पोर केस वाळवायची.

तो कामावर गेल्यावर गोपिका त्याच्याच जागेवर जाऊन बसली. तिथून पोर केस वाळवायची ती बाजू दिसतच नव्हती. दिसत होता तो गच्चीचा एक कोपरा आणि भिंतीवरचा आरसा. यमुताईचे सासरे दादाजी रोज सकाळी तिथं दाढी करायचे.

तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. पलटणीत देवरावचं कामच होतं ते, असंच अंधारात दडून, दुर्बिणीच्या रायफलीनं लांबून माणूस टिपायचं. मग त्या म्हाताऱ्यावर याची नजर कशाला?

संध्याकाळी तिनं विचारलंच. "खरं सांगा जी, दादाजीसंगं काय वैर हाये तुमचं?"

देवराव भिंतीशी आपल्या जागेवर जाऊन बसला.

"तिकडं एक जण होता वं. झाडाले आरसा टांगून रोज दाढी करे. लई दिवस पाह्यलं मी त्याले. मंग हुकूम आला. अर्ध्या तोंडाले साबण होता त्याच्या."

गोपिका त्याच्यासमोर खाली बसली.

"दादाजीची दाढी पुरी झाली, ते तोंड पुसून अंदर गेले, का मंग मले चहा घशाखाली उतरते."

"यमुताईले सांगू का हे? लोकं तुमाले काय काय म्हणून राहिले!"

"म्हणू दे. त्या म्हाताऱ्याले समजलं, तं तो दाढी कराले बाहेर निंघन का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिकानं स्वतःच खिडकी लावली, कडी घातली. देवराव बंद फळ्यांसमोर तसाच बसून राहिला. तिला ते बघवेना. झाडू घेऊन ती ओट्यावर आली आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडत, मान वर करून गच्चीकडे पाहत राहिली. बायका कुजबुजायला लागल्या.

"आता तू काय पाहून राहिली वं?" यमुताई दारातून ओरडली.

गोपिकाचा झाडू थांबला नाही. थोड्या वेळानं ती आत आली.

"झाली जी दाढी," ती म्हणाली. "तोंड पुसलं. अंदर गेले."

देवरावनं कप उचलला.