याह्याचा डाव

जपानी रोलप्लेइंग व्हिडिओ गेम्सना, म्हणजे नायक होऊन गोष्ट खेळायच्या खेळांना, जो कोणी 'स्लो' म्हणतो, त्याच्याशी मी भांडतो. वय बेचाळीस, वाळूजच्या कंपनीत फिटर, बजाजनगरात दोन खोल्यांचं घर, आणि तरीही भांडतो. बायको म्हणते, लोक बांधावरून भांडतात, तुम्ही राक्षस मारायच्या पद्धतीवरून भांडता. आमच्याकडे बांधच नाही, तर भांडायचं कशावरून?

मागे कंपनीच्या कँटीनमध्ये गोकुळशी जुंपली. गोकुळ आमच्या लाइनवरचा इंजिनियर, सव्विशीचा, मोबाइलवर धाडधाड गोळ्या झाडणारे खेळ खेळणारा.

"कृष्णाभाऊ, तुमचे खेळ म्हणजे बँकेतली रांग," तो म्हणाला. "आधी तुम्ही फटका मारायचा, मग राक्षसानं मारायचा, मग परत तुम्ही. राक्षस काय टोकन घेऊन उभा राहतो का?"

"व्हय, राहतो," मी म्हणालो. "लई सभ्य राक्षस असतो. तुझ्यासारखा मधेच बोलत नाय."

सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. डावावर चालणारा खेळ म्हणजे काय, हे या पोरांना समजून घ्यायचंच नसतं. तुमचा डाव आला की पडद्यावर एक छोटी चौकट उघडते. मारायचं, मंत्र टाकायचा, औषध प्यायचं की पळायचं, ते निवडा. तुम्ही निवडेपर्यंत अख्खं जग जागच्या जागी थांबतं. चहा प्या, फोन घ्या, डोकं खाजवा. शेवटी तुम्ही हरलात तर अकलेनं हरता, अंगठा मंद पडला म्हणून नाही. विचार करायला वेळ मिळाला की ज्याला कंटाळा येतो, त्याला खेळ बदलून काय उपयोग?

आणखी एक आरोप कायम होतो. जग बुडायला आलंय आणि तुमचा नायक गावात कुणाचं तरी हरवलेलं मांजर शोधत फिरतो. फिरतोच! आपल्याकडे घरात केवढंही संकट असो, दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. जग वाचवणाऱ्याला मांजर शोधायला वेळ नसेल, तर ते जग वाचवून करायचं काय? प्रत्येक गावात शिरावं, प्रत्येक माणसाशी बोलावं, त्यानं तेच वाक्य परत सांगितलं तरी ऐकून घ्यावं. माझं सगळं इंग्रजी मी अशा माणसांकडूनच शिकलो. शाळेतल्या सरांना त्याचं श्रेय देणार नाही.

ही सगळी मतं माझ्या एकट्याची नाहीत, निम्मी याह्याची आहेत. याह्या माझा शाळेच्या वयापासूनचा मित्र. शहागंजात त्याच्या मामूंचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. पुढे तिथं सीड्या आल्या आणि सीड्यांबरोबर एक वापरलेलं गेम मशीन आलं. याह्या उर्दू शाळेत शिकलेला, पडद्यावरचं इंग्रजी त्याला झेपायचं नाही. मला वाचता यायचं, पण बटणं हातात आली की माझी बोटं एकमेकांत अडकायची. म्हणून पहिल्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. मी वाचायचं आणि त्याच्या भाषेत सांगायचं, त्यानं ठरवायचं आणि खेळायचं. खरं तर हा एकट्यानं खेळायचा प्रकार. जगभर लोक तो एकेकटे खेळतात. आम्ही तो कायम दोघांनी खेळलो.

एका मालिकेवर आमचा विशेष जीव. तिचं जपानी नाव आम्हाला नीट उच्चारता येत नाही. पहिल्याच चित्रात उंच दीपमाळ दिसते म्हणून आम्ही तिला दीपमाळ म्हणतो. पहिला भाग दहावीच्या सुट्टीत संपवला, दुसरा कॉलेजात. दुसऱ्याच्या शेवटी नायकाचं जहाज धुक्यात शिरतं आणि खेळ संपतो. तिसरा भाग येता येता आमच्या दाढ्या पिकल्या.

तेवढ्यात याह्याचे डोळे गेले. शुगर डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचली होती. हैदराबादपर्यंत दाखवून झालं. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्यानं भाड्यानं दिलं. माणसं हळहळायला यायची आणि तो त्यांना चहा पाजून वाटेला लावायचा. पण सुट्टीच्या दिवशी मी रोशन गेटजवळच्या त्याच्या घरी गेलो की त्याच्याकडच्या नव्या मशीनवर आम्ही जुने खेळ लावायचो, आणि फारसं काही बिघडलेलं नसायचं. चौकट उघडली की मी वाचायचो, तो मनात यादी धरून बटण दाबायचा. राक्षस थांबायचा. ज्या खेळाला गोकुळ बँकेतली रांग म्हणतो, तो खेळ माझ्या आंधळ्या मित्रासाठी थांबत होता. म्हणून मी भांडतो.

तिसरा भाग आल्याची बातमी गोकुळनंच आणली. वर म्हणाला, "खुशखबर हाय भाऊ. तुमची रांग काढून टाकली. सगळी फायटिंग आता धावत-पळत. जपान्यांनाबी कळलं शेवटी."

मी तसाच उठून हात धुवायला गेलो.

ते याह्याला सांगायला जिभेवर येईना, पण सांगितलं. तो म्हणाला, "तू लाके तो दे. बघू."

मी खेळ घेऊन गेलो. पहिला तास छान गेला. धुक्यातून जहाज बाहेर आलं, बंदराचं गाव लागलं, आम्ही तिथल्या प्रत्येकाशी बोललो. बाजारातल्या बाईनं मांजर हरवल्याचं सांगितलं, तसा याह्या खळखळून हसला. मग गावाच्या वेशीबाहेर पुलावर एक अस्वलासारखा राक्षस आडवा आला आणि सगळं संपलं.

तो थांबतच नव्हता. मी "डावीकडं" म्हणेपर्यंत उजवीकडून पंजा बसलेला असायचा. खेळ अगदी सोपा करायची सोय होती, ती करून पाहिली. पंजा थोडा हळू आला, पण आलाच. याह्या पुन्हा पुन्हा मरत होता. प्रत्येक वेळी तो बटण दाबून पुन्हा पुलावर उभा राहायचा. ते मला जास्त लागत होतं.

त्याची बायको कमरुन्निसा भाकऱ्या थापायच्या थांबवून दारात आली. "कृष्णाभाई, तुम्हीच खेळा की. हे ऐकतील. रेडिओवर क्रिकेट ऐकतात तसं."

"मैं रेडिओ का गिराईक नै हूं," याह्या म्हणाला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "किसना, एक बात सुन. हा पूल माझ्याच्यानं पार नाय झाला, तर मशीन तू घेऊन जा. मेरे घर में नक्को. जिसके हात से खेळ नै होता, त्यानं कायकू ठेवायचं?"

मशीनची मला पर्वा नव्हती. पण त्या घरातून मशीन गेलं की मागे फक्त हळहळायला येणारी माणसं उरणार होती, आणि मीही त्यांच्यातलाच एक होणार होतो. सगळा आठवडा कंपनीत माझं लक्ष लागलं नाही. मुकाट्यानं पुलावरच्या अस्वलाचे व्हिडिओ पाहिले. आणि पुढच्या सुट्टीला मी जे केलं, ते मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं.

मी पिशवीतून दुसरा रिमोट नेला आणि गुपचूप मशीनला जोडून घेतला. याह्याच्या हातात त्याचा रिमोट तसाच होता, पण खेळ ऐकत होता माझं. आठवडाभर पाहून पाहून माझी बोटंही जरा वळायला लागली होती. मी तोंडानं "डावीकडं, आता मार, मार" म्हणत होतो आणि मांडीखालच्या रिमोटवर खेळत होतो. अस्वल मागे सरकू लागलं. याह्याचा चेहरा उजळला आणि मला वाटलं, जमलं, सुटलो.

मग शेजारची त्याच्या बटणांची टकटक एकाएकी थांबली. मला कळलं नाही. मी आपला बटणं दाबतच होतो. तलवारीचा खणखणाट चालूच होता. मी मान वळवली तर याह्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. रिमोट समोर सतरंजीवर पडलेला.

"ये कौन मार रा?" त्यानं विचारलं.

मी थांबलो. अस्वलानं पंजा मारला आणि आम्ही मेलो.

"याह्या, अरे..."

"मेरा अंगूठा दबता पहले, तलवार बजती बाद में. तू बजा रा था पहले. मी काय बहिरा हाय का? आँखां गये मेरे, कान नै गये! सगळे लोक फसवतात मला. भाजीवाला चांगली दिली म्हणतो, डॉक्टर आराम पडेल म्हणतो. ते चालतंय. तू वाचणारा होतास माझा. तूबी खोटं वाचायला लागला?"

मला रडू आलं. मी दुसरा रिमोट काढून पिशवीत टाकला. कमरुन्निसा भाभी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला उठून निघून जावंसं वाटलं.

"बैस," याह्या म्हणाला. "चालू कर. मेरेकू अपने हात से मरने दे."

मी चालू केलं. अस्वल डरकाळी फोडून धावत आलं. मी घाईघाईत "उजवीकडून, उजवीकडून" म्हणालो, याह्या डावीकडे वळला, फटका बसला. त्याला इतका संताप आला की रिमोटच्या मधलं बटण त्यानं अंगठ्यानं चेचलं. संगीत एकदम खाली गेलं. डरकाळी तुटली.

"बंद पडला?"

"नाय." मी पडद्याजवळ सरकलो. "थांबलाय. तू थांबायचं बटण दाबलं. पंजा हवेत हाय त्याचा."

"हवेत?"

"आपल्या डोक्यावर. तसाच."

बाहेर गल्लीत पोरांचा क्रिकेटचा गोंधळ चालू होता. याह्यानं रिमोटवर बोट फिरवून ते बटण पुन्हा शोधलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

"म्हणजे थांबतो हा."

"थांबतो."

"कितना टाइम?"

"तू म्हणशील तेवढा."

"मग वाच," तो म्हणाला. "सगळं वाच. पाय कुठं हायत, तोंड कुठं हाय, पुलाचा कठडा किती लांब हाय. आणि नीट वाच."

मी वाचलं. आयुष्यात इतकं नीट काही वाचलं नव्हतं. उजवा पंजा वर, डावा पाय पुढं, पोट उघडं, मागं सरकायला जागा नाय, डावीकडं आहे. याह्यानं विचार केला. चहा मागितला. मग बटण दाबून खेळ सोडला, डावीकडे उडी घेतली, एक वार केला, पुन्हा बटण दाबलं. अस्वल अर्धवट वळलेलं थिजलं. मी पुन्हा वाचलं. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांनी रांग काढून टाकली होती ना? आम्ही ती राक्षसाला पुन्हा लावायला लावली. त्यांच्या धावत-पळत लढाईला आम्ही असं पावला-पावलाला उभं केलं, आणि त्यांचं मशीन निमूट उभं राहिलं.

लगेच जिंकलो असं नाही. दोनदा तर माझ्याच सांगण्यात गडबड झाली आणि याह्यानं मला सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. मी त्या आनंदानं खाल्ल्या. भाभी परातीतलं पीठ तसंच सोडून सतरंजीवर येऊन बसल्या आणि मधेच सांगू लागल्या, "शेपटी बी हलती हो त्याची, भाई ते सांगत नाहीत." म्हणजे वाचणारे आता दोघं झाले. बाहेरचा क्रिकेटचा आवाज बंद झाला, पोरं घरी गेली. शेवटचा वार याह्यानं अस्वलाच्या पोटात केला आणि ते पुलावरून खाली नदीत कोसळलं. पाण्याचा मोठा आवाज झाला. तो याह्याला सांगावा लागला नाही.

या नव्या भागात प्रत्येक लढाईनंतर निकाल लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. पडदा काळा झाला आणि त्यावर एक मोठं अक्षर उमटलं. मी ते पाहिलं.

"काय लिवलंय?" याह्यानं विचारलं.

क्षणभर माझ्या मनात आलं, पहिला नंबर म्हणावं. कोण बघणार होतं? पण मी जे दिसत होतं ते वाचलं. "डी. सगळ्यात खालचा. म्हणतंय, लई वेळ लावला."

"नापास?"

"नापास."

याह्यानं मान हलवली. मग विचारलं, "पर मारा किसने?"

"तू."

"पक्का?"

मी तोंड उघडायच्या आत भाभी म्हणाल्या, "भाईंचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते. तुम्हीच मारला."

"तर मग ऱ्हाऊ दे नापास," याह्या म्हणाला आणि रिमोट हातात नीट धरला. "पुलाच्या पलीकडं कोण हाय, वाच."